‘इतर’ या शिक्क्याची कैफियत

मित्रांनो, हात जोडून सुरुवात केली असती, पण मला हात नाहीत. मला फक्त मूठ आहे. मी एक जुना रबरी शिक्का आहे. लाकडी मूठ, तिच्याखाली दोन बोटं रुंद रबर, आणि त्या रबरावर तीन अक्षरं: इतर. एवढाच माझा संसार. पण या तीन अक्षरांच्या जोरावर मी एका शाळेत सतरा वर्षं राज्य केलं, आणि मग माझा असा काही पराभव झाला की अजून आठवलं तरी ऊर भरून येतो. होय, पराभवच म्हणालो, आणि ऊर भरून येतो असंही म्हणालो. ऐका तर खरं.

माझा जन्म रस्त्याच्या कडेला, एका छत्रीखाली झाला. तिथे एक शिक्केवाले आजोबा लाकडी टेबल मांडून बसत. त्यांच्या हातात बारीक पातं असे आणि डोळ्याला घड्याळजीसारखं भिंग. आम्ही शिक्के उलटे जन्मतो बरं का. रबरावर अक्षरं उलटी कोरली, तरच ती कागदावर सुलटी उमटतात. मी जन्मलो त्या दिवशी शाळेचे कारकून चार शिक्क्यांची यादी घेऊन आले होते.

आजोबांनी यादी वाचली. “बंदरवाले, नदीवाले, डोंगरवाले. ठीक. हे मुलांचे समाज झाले. आणि हे चौथं काय?”

“जे या तिघांत बसत नाहीत ते,” कारकून म्हणाले.

“मग त्यांची नावं सांगा की.”

“अहो, एक असतं तर सांगितलं असतं! दर वर्षी नवीनच कुणीतरी उगवतं. किती नावं डोक्यात ठेवायची माणसानं? तुम्ही आपलं ‘इतर’ करा.”

“तीनच अक्षरं?” आजोबा हसले. “मग चहा येईपर्यंत होतो तुमचा.”

आणि झालो. चहा येण्याआधी झालो, हेही सांगून ठेवतो.

शाळेच्या कार्यालयात आम्हा चौघांना पत्र्याच्या घोडीवर टांगलं गेलं. शेजारी शाईची डबी. समोर खिडकी, खिडकीबाहेर लांब व्हरांडा. आमचे कारकून ओठांत कायम दोन टाचण्या धरून बसायचे, म्हणून मुलं त्यांना टाचणीकाका म्हणत. काकांचं काम चोख. वहीवर डाग म्हणून पडू द्यायचे नाहीत. प्रवेशाच्या फॉर्मवर एक ओळ असे, ‘मुलाचा समाज’. तिथे आईवडील आपल्या हातानं काहीतरी लिहून आणत. काका ते वाचत, ओळखीचं असलं तर त्या त्या शिक्क्याला उचलत. ओळखीचं नसलं की टाचण्यांमधूनच “हं… हं…” करत आणि हात माझ्याकडे येई. शाईत एकदा, कागदावर एकदा. ठप्प!

काय रुबाब होता माझा, म्हणून सांगू! डोंगरवाला शिक्का जाड होता, नदीवाला नाजूक, पण माझ्याइतका सुटसुटीत कुणी नव्हता. कुणीही येवो, कुठूनही येवो, मी सगळ्यांना पुरून उरायचो. एकदा तपासणीला आलेले अधिकारी वही चाळून म्हणाले, “वा! चारच गट. एकही ओळ रिकामी नाही. याला म्हणतात टापटीप.” टाचणीकाकांचा चेहरा खुलला. मी तर घोडीवर टांगल्या टांगल्या डोलायला लागलो. आपण ज्या ओळीवर बसतो त्या ओळीत आधी कुणी काही लिहिलेलं असतं, हा विचार माझ्या रबरी डोक्यात कधी शिरलाच नाही.

आमच्या शाळेत सातवीची परीक्षा फार मोठी मानत. ती पास झालं की वरच्या शाळेत जायला मिळे. दोनदा नापास झालं की नाव कमी. सरळ रेघ मारून कमी. त्या वर्षी सातवीत एक मुलगी होती. एका जागी म्हणून बसायची नाही, दोन पावलं चालायची तर त्यात एक गिरकी असायची. सगळे तिला भिंगरी म्हणत. बाकी विषयांत तिला पन्नास-साठ गुण पडायचे, पण गणितात आदल्या वर्षी एकोणीस पडले आणि ती नापास झाली. यंदा शेवटची संधी.

या शेवटच्या संधीचं पत्र घ्यायला तिची आई कार्यालयाच्या खिडकीशी आली होती. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, डोक्याला घट्ट फडकं. ती मासळीच्या कारखान्यात कामाला होती. सकाळपासून बर्फात हात घालून मासे साफ करायचे, हे तिचं काम. सही करताना पेन तिच्या बोटांत धड ठरेना. सही झाल्यावर तिनं भिंगरीसमोर दोन्ही तळवे धरले.

“बघ नीट,” ती म्हणाली. “मला आता गरम चहाचा पेला धरला तरी कळत नाही. यंदा नापास झालीस तर माझ्या शेजारी उभं राहावं लागेल तुला. मला शेजारी माणूस नकोय, समजलं?”

भिंगरी त्या दिवशी गिरकी न घेता गेली. मला वाईट वाटलं, खोटं नाही सांगत. पण त्यात माझा काही हात असेल असं वाटलं नाही.

त्याच वर्षी शाळेत गणिताच्या नव्या बाई आल्या. बारीक अंगाच्या, पण बोलणं असं की समोरच्यानं दोनदा गिळावं. सहामाही परीक्षा झाली आणि जिल्ह्याच्या कचेरीला पाठवायचा तक्ता करायचं काम त्यांच्याकडे आलं. कोणत्या समाजाच्या मुलांना गणितात सरासरी किती गुण पडले, एवढंच त्यात भरायचं. नियम असा होता की ज्या समाजाची सरासरी पंचेचाळीसच्या खाली, त्या मुलांसाठी जादा तास आणि जादा शिक्षक मिळायचा. डोंगरवाले त्रेचाळीस होते, त्यांना शिक्षक मिळाला. माझ्या गटात तीस मुलं आणि सरासरी अठ्ठावन्न. शाळेची पन्नास, माझी अठ्ठावन्न! दर वर्षी माझ्यापुढे ‘समाधानकारक’ असा शेरा पडायचा आणि मी मनातल्या मनात मिशीवर ताव मारायचो.

सरासरी तुम्हाला शाळेत शिकवतीलच. मला कळली ती अशी. एकाच्या खिशात दहा गोट्या, दुसऱ्याचा खिसा रिकामा. सरासरी काढली की दोघांकडे पाच-पाच. रिकाम्या खिशाला मात्र या पाच गोट्यांचा पत्ताच नसतो.

बाईंनी तीस मुलांचे गुण तीस चिठ्ठ्यांवर लिहिले आणि त्या काकांच्या टेबलावर पत्त्यांसारख्या मांडल्या. बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “काका, इकडे या जरा. यातलं अठ्ठावन्नच्या आसपासचं एक मूल दाखवा मला.”

काकांनी टाचण्या ओठांतून काढल्या. ही त्यांची गंभीर होण्याची खूण. त्यांनी चिठ्ठ्या वरून खाली पाहिल्या, खालून वर पाहिल्या. “नाही दिसत.”

“दिसणार कुठून! सोळा मुलं पंच्याहत्तरच्या वर आणि चौदा मुलं चाळीसच्या खाली. मध्ये चिटपाखरू नाही. अठ्ठावन्न गुण मिळवलेलं मूल या शाळेत जन्मालाच आलेलं नाही, आणि आपण दर वर्षी त्याला समाधानकारक म्हणतोय. हे इतर म्हणजे आहेत तरी कोण हो?”

“इतर म्हणजे… इतर,” काका म्हणाले.

“घरी जाऊन मूल सांगतं का, की आई, आपण इतर आहोत?”

काकांनी टाचण्या पुन्हा ओठांत धरल्या. पहिल्यांदाच कुणी माझ्याकडे बोट दाखवून विचारलं होतं.

मग बाईंनी जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. त्यांनी कपाटातून ते तीस फॉर्म काढले आणि एकेक करून खिडकीच्या काचेला लावले. बाहेर लख्ख ऊन होतं. उजेड कागदातून आरपार आला आणि माझ्या जांभळ्या शाईखाली दबलेली अक्षरं दिसू लागली. कुणी जाड लिहिलं होतं, कुणी किरटं. एकानं तर खाली दोनदा रेघ ओढली होती, कुणी चुकून वाचायचं राहू नये म्हणून. आणि नेमका त्या रेघेवर मी बसलो होतो, फतकल मारून. लाज वाटली हो मला. रबराला घाम फुटत नाही, नाहीतर त्या दिवशी फुटला असता.

काही अक्षरं लागली. पठारावरून आलेली काही घरं होती, घड्याळं दुरुस्त करणारी. काही घरं बेटावरून आलेली. पण निम्म्या फॉर्मवर मी इतका जोरात बसलो होतो की काही म्हणता काही वाचता येईना. घरी विचारल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

बाई मोठ्या सरांकडे गेल्या. मोठे सर म्हणजे आमचे मुख्याध्यापक. माणूस सज्जन, पण एकदा ठरवलं की ठरवलं. त्यांचं बोलणं भिंतीपलीकडे स्पष्ट ऐकू यायचं.

“बाई, माझ्यासाठी सगळी मुलं सारखी. कोण कुठल्या समाजाचं हे खोदत बसलो की उद्या वर्गात भांडणं लागतील. नको ते.”

“सर, खोदतो तर आपण आताही आहोत. फक्त अर्धवट खोदून वर माती टाकतोय. तिघांना नाव आहे, बाकीच्यांना शिक्का. सगळी सारखी असतील तर सगळ्यांनाच नीट विचारू या.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग सर म्हणाले, “तीन आठवडे. आणि एकाही मुलाची माहिती शाळेबाहेर गेली तर मला तोंड दाखवू नका.”

“गेली तर मी स्वतःलाही नाही दाखवणार,” बाई म्हणाल्या.

त्या तीस मुलांच्या पालकांची सभा शनिवारी दुपारी होती. बाईंनी मला घोडीवरून काढलं, चक्क पर्समध्ये टाकलं आणि वर्गात नेलं. सतरा वर्षांत मी पहिल्यांदा कार्यालयाबाहेर पडलो. आईबाप मुलांच्या छोट्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. बाईंनी मला टेबलावर ठेवलं, सगळं समजावून सांगितलं आणि कोण काय म्हणतंय म्हणून पाहत राहिल्या. पठारावरच्या घड्याळजींनी लगेच आपल्या समाजाचं नाव सांगितलं. बेटावरच्यांकडून मात्र हूं की चूं नाही.

शेवटी भिंगरीची आई उठली. पुढे आली. तिनं मला उचललं, उलटं करून पाहिलं. उलटी अक्षरं तिला लागली नाहीत. मग तिनं मला आपल्या तळव्यावर दाबलं. आदल्या दिवशीची शाई माझ्या तोंडाला अजून ओली होती. तिच्या पांढऱ्या पडलेल्या तळव्यावर फिकट जांभळं उमटलं: इतर.

“हे आम्ही?” तिनं विचारलं. “सात वर्षं माझ्या लेकीला हे म्हणत होतात?”

“हो,” बाई म्हणाल्या. “चूक झाली.”

“आणि आता आमचं खरं नाव हवंय. कशाला हो? आमच्या बेटावरही अशीच यादी केली होती. नाव, समाज, घर. साहेब लोक हसून बोलले, चहासुद्धा प्यायले. पंधरा दिवसांत आमच्याच दारांवर खुणा झाल्या. महिन्यात आम्ही बोटीत होतो. आता तुम्ही हसून बोलताय.”

वर्गात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती, आणि टाचणीकाकांच्या ओठांतून एक पडलीही. मला वाटलं, संपलं. भिंगरीचं नाव कमी होणार, आणि माझं राज्य अजून सतरा वर्षं चालणार. आणि खरं सांगतो, मला ते राज्य नको झालं होतं.

“घर नको मला,” बाई अखेर म्हणाल्या. “नावही नको. चिठ्ठीवर फक्त इयत्ता, हजेरी क्रमांक आणि तुम्ही स्वतःला जे म्हणता ते. तुमच्या हातानं. हिशेब झाला की सगळ्या चिठ्ठ्या तुमच्या हातात परत. कचेरीत फक्त आकडे जातील.”

“क्रमांकावरून नाव कळतंच की.”

“मला कळेल. काकांना कळेल. म्हणून तर परत देणार.”

“आणि नाही दिल्यात तर?”

“तर माझ्या दारात येऊन बसा. सगळ्याजणी या. मी चहाही विचारणार नाही, म्हणजे संशय नको.”

मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं. भिंगरीच्या आईला हसू आलं नाही, पण तिनं हात पुढे केला. “आणा कागद.”

तिनं लिहिलं. सुन्न बोटांनी, एकेक अक्षर ओढत, पण लिहिलं. मग तिच्यामागे तेराजणांनी लिहिलं.

सोमवारी सकाळी बाई आणि काका चिठ्ठ्या घेऊन बसले. पठारावरची सोळा मुलं: सरासरी चौऱ्याऐंशी. बेटावरची चौदा: एकोणतीस. माझ्या अठ्ठावन्नचे दोन तुकडे टेबलावर पडले होते. बाईंनी लगेच बाकीचे विषय तपासले. भाषा बरी, इतिहास बरा, विज्ञान बरं. फक्त गणित खड्ड्यात. चौदाच्या चौदा.

“मुलं काही मंद नाहीत,” बाई पुटपुटल्या. “मग एकट्या गणितानं यांचं काय घोडं मारलंय?”

मुलं पहिलीपासून सातवीपर्यंत विखुरलेली. एकेका वर्गात दोघं. प्रत्येक शिक्षकाला वाटायचं, आपल्या वर्गात दोन आळशी मुलं आहेत. चौदांची नावं एका कागदावर एकाखाली एक कुणी लिहिलीच नव्हती. ती त्या दिवशी पहिल्यांदा लिहिली गेली. टाचणीकाकांनी तो कागद वाचला, आणि दोन्ही टाचण्या काढून टेबलावर ठेवल्या.

“बाई,” ते म्हणाले, “ही मुलं मी रोज बघतो.”

“कुठे?”

“इथेच. या खिडकीतून. रोज सकाळी माझ्या व्हरांड्यात उभी असतात. उशिरा येतात ना! मोठ्या सरांचा नियम आहे, उशिरा येणाऱ्यानं पहिला तास संपेपर्यंत बाहेर उभं राहायचं.”

“आणि पहिला तास…”

“गणिताचा. सगळ्या वर्गांत. सकाळी डोकं ताजं असतं, असं सरांचं म्हणणं. वेळापत्रक त्यांनी स्वतः केलंय, या शाळेत आले त्याच वर्षी.”

बाईंनी खिडकीबाहेरच्या व्हरांड्याकडे पाहिलं. “ती भिंगरी माझ्याच दाराबाहेर उभी असते, काका. रोज. मी तिला बोलले होते, कारणं सांगायची नाहीत म्हणून.”

भिंगरीला बोलावलं. ती आली, दारातच थांबली. बाई तिच्याजवळ गेल्या आणि म्हणाल्या, “आज कारण सांग. मी चुकले होते.”

भिंगरी आधी काकांकडे पाहून घाबरली, मग घडाघडा बोलली. कारखाना सातला सुरू होतो. आई-बाबा दोघंही तिथेच. बेटावरची सगळीच तिथे. धाकट्याला पाळणाघरात सोडायचं, तर पाळणाघर उघडतं साडेआठला. शाळा भरते आठला. त्याला सोडून ती धावत सुटते, तरी पहिला तास निम्म्याहून जास्त उलटलेला असतोच. “आणि धाकट्याला दाराशी एकटं सोडून यायचं नाही, बाई. तो रडतो.” बाकीच्या तेराजणांची हीच कथा. घरातली थोरली मुलं धाकट्यांना पोहोचवायची, आणि थोरल्यांचा हात धरून मधली.

सात वर्षं, मित्रांनो! सात वर्षं ही मुलं दाराबाहेर उभी राहून गणित शिकत होती, बंद दारातून जेवढं ऐकू येईल तेवढं. आणि त्यांच्यावर समाधानकारक असं लिहायला मी मदत करत होतो. मला त्या शाईच्या डबीत बुडून जावंसं वाटलं.

ठरल्याप्रमाणे बाईंनी चिठ्ठ्या परत केल्या. भिंगरीच्या आईनं त्या मोजल्या, चौदा भरल्या. तिथेच खिडकीशी उभं राहून बारीक बारीक तुकडे केले आणि काकांच्या टोपलीत टाकले. “शब्द पाळलात,” एवढंच म्हणाली आणि बूट वाजवत कामावर गेली.

उरले मोठे सर. बाई आणि काका दोघेही आत गेले. काका कधी सरांसमोर खुर्चीवरसुद्धा बसले नव्हते, पण त्या दिवशी तेच बोलले. सरांनी तक्ता पाहिला, चौदा क्रमांक पाहिले, भिंतीवरचं आपलं वेळापत्रक पाहिलं. सुंदर अक्षरात होतं ते, लाल शाईच्या रेघा मारलेलं.

“मी म्हणत होतो, माझ्यासाठी सगळी मुलं सारखी,” सर म्हणाले. “सारखी म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलंच नाही.”

त्यांनी उठून वेळापत्रक भिंतीवरून काढलं. दुसऱ्या दिवसापासून गणित चौथ्या तासाला गेलं. पहिला तास झाला वाचनाचा, कधीही या आणि पुस्तक घेऊन बसा. व्हरांड्यात उभं राहणं बंद. जिल्ह्याच्या कचेरीला नवा तक्ता गेला, त्यात बेटावरच्या चौदा मुलांपुढे एकोणतीस असा आकडा. नावं नाहीत, घरं नाहीत. आकडा पंचेचाळीसच्या खाली, म्हणजे जादा तास हक्काचा! महिन्याच्या आत मंजुरी आली. आणि पठारावरच्या घड्याळजींनी निरोप पाठवला की त्यांची मुलं संध्याकाळी त्यांच्या सभागृहात अभ्यास करतात, बेटावरच्यांनीही यावं. “वेळेवर या म्हणावं,” त्यांनी लिहिलं होतं, “आमच्याकडे भिंतीवर सव्वीस घड्याळं आहेत, उशीर झाला तर सगळी एकदम ओरडतात.”

चार महिने. बाई शिकवायच्या आणि भिंगरी झपाटल्यासारखी शिकायची. चुकलं की पाय आपटायची, बरोबर आलं की एक गिरकी. व्हरांड्यातून जाता-येता काका तिला पाढे विचारायचे, तेही टाचण्या न काढता, त्यामुळे तिला प्रश्नही ओळखावा लागे आणि उत्तरही. परीक्षेच्या आदल्या दिवशी ती खिडकीशी आली आणि म्हणाली, “काका, नाव कमी करायची रेघ कुठल्या पेननं मारतात?” काकांनी खणातून लाल पेन काढलं आणि तिच्या हातात दिलं. “हे घे. आता माझ्याकडे पेनच नाही.”

निकालाच्या दिवशी कार्यालयापुढे ही रांग! भिंगरीची आई जेवणाच्या सुट्टीत कारखान्यातून धावत आली होती. बूट ओले, फडकं तसंच. भिंगरी तिच्या मागे लपलेली, आणि कडेवर तो धाकटा. काकांनी वहीत बोट सरकवलं. मी घोडीवरून डोळे फाडून पाहत होतो.

“गणित,” काका म्हणाले. “चौसष्ट.”

“किती?”

“चौसष्ट.”

“परत सांगा.”

“चौसष्ट हो, चौसष्ट! सहावर चार! पास! वरच्या शाळेत!” काका ओरडले. टाचण्या कुठे उडाल्या त्या अजून सापडल्या नाहीत.

भिंगरीची आई रांगेकडे वळली आणि दोन्ही हात वर करून ओरडली, “माझी पोरगी! चौसष्ट!” मग ती रडली, हसली, परत रडली. रांगेतल्या बंदरवाल्या बायकांनी, नदीवाल्या बायकांनी तिला मिठ्या मारल्या. भिंगरीनं धाकट्याला आईच्या कडेवर दिलं आणि व्हरांड्यात गिरक्या घेत सुटली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्याच व्हरांड्यात, मित्रांनो! मोठे सर दारात उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि चष्मा पुसत होते. चौदापैकी तेरा पास झाले. एक चिमुरडा दोन गुणांनी राहिला, तर बाई त्याला म्हणाल्या, “दोन गुण ना? ते मी तुझ्याकडून सुट्टीत वसूल करते.” बेटावरच्यांची सरासरी सत्तावन्न झाली. आणि या वेळी ती खरी होती, चिठ्ठ्या मांडून पाहिली तर पन्नास-साठच्या आसपास मुलंच मुलं.

पुढच्या वर्षी प्रवेशाच्या वेळी बेटावरच्या आयांनी आपसात ठरवून फॉर्मवर आपल्या समाजाचं नाव आपल्या हातानं लिहिलं. काकांनी ते तसंच वहीत उतरवून घेतलं, आणि न कळलेलं अक्षर असलं तर विचारून. त्या वर्षी पाच नवीन नावं आली. वहीला तेवढेच रकाने वाढवावे लागले, काकांनी ते पट्टीनं आखले. मी घोडीवर कोरडाच होतो. माझी शाई सुकली, मुठीवर धूळ बसली. पूर्वी तासातासाला ठप्प करणारा मी आता आठवडेच्या आठवडे नुसता लटकत होतो. सुरुवातीला जीव थोडा कासावीस झाला. कामाची सवय लागलेली असते ना.

मग एके दिवशी दुपारी जिल्ह्याच्या कचेरीतून फोन आला. साहेबांचा आवाज एवढा मोठा की मला घोडीवर ऐकू आला.

“तुमच्या तक्त्यात एक चूक आहे. ‘इतर’च्या रकान्यात शून्य दिसतंय.”

“बरोबर आहे, साहेब,” काका म्हणाले.

“बरोबर कसं असेल? चारशे मुलांच्या शाळेत इतर एकही नाही?”

टाचणीकाकांनी ओठांतल्या टाचण्या काढल्या. खुर्चीतून उठून उभे राहिले, जणू साहेब समोरच आहेत. आणि म्हणाले, “नाही, साहेब. आम्ही सगळ्यांना विचारलं. आमच्या शाळेत इतर कुणीच नाही.”

त्यांनी फोन ठेवला. मग मला घोडीवरून काढलं, फडक्यानं माझ्या तोंडावरची सुकलेली शाई पुसली आणि खणात ठेवलं. मी हरलो होतो, आणि इतकं छान मला जिंकतानाही कधी वाटलं नव्हतं.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी हात जोडून सांगतात, आम्हाला जपा, आम्हाला पुन्हा वापरा. मी तसं म्हणणार नाही. धूळ पुसलीत तर उपकार होतील, पण शाई लावू नका. वर्गात एखादं मूल मागे पडत असेल तर ते कोण आहे, कुठून येतं, सकाळी कुणाला सोडून येतं, हे त्यालाच विचारा, आणि जे सांगेल ते नीट सांभाळून ठेवा. आणि कधी कुणी घाईत मला उचलून तुमच्या नावावर मारायला आलाच, तर त्याचा हात घट्ट धरा. मी मुळीच रागावणार नाही.